तुकोबारायांनी दुःख लपवलं नाही



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तक निघतंय, त्यात तुकोबारायांचं चरित्र तुम्ही लिहा, असं मंडळींनी सांगितलं. आमची शाळा चौथीपर्यंत. खुरपं हातात सरळ बसतं, तसा पेन बसत नाही. पण चाळीस वर्षं कीर्तनात उभं राहून हे चरित्र सांगत आलो, म्हणून हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की त्यातली कैक वर्षं आम्ही हे चरित्र अर्धंच सांगितलं. आज उरलेलं अर्धं सांगायचं आहे.

आमच्या शेजारच्या गावात एका माऊलीचा तरणा मुलगा गेला. दहाव्याचं प्रवचन आमच्याकडं होतं. आम्ही सांगितलं की तुकोबारायांची बायको गेली, लेक गेला, दिवाळं निघालं, तरी महाराज म्हणाले की झालं ते बरंच झालं. मग आपण कशाला रडायचं? ती माऊली पुढंच बसली होती. काही न बोलता उठली आणि आत निघून गेली. लोकांनी आमच्या पाया पडून नारळ दिला. आम्ही घरी आलो, पण तिचं ते उठून जाणं आजतागायत डोळ्यांपुढून हललं नाही. आम्ही तुकोबारायांचं पंधरा-वीस वर्षांनंतरचं बोलणं तिच्या दहाव्या दिवशी तिच्या पदरात टाकलं होतं. चूक तुकोबारायांची नव्हे, आमची.

म्हणून आता क्रमानं सांगतो.

पुण्याजवळ इंद्रायणीकाठी देहू गाव. तिथं मोऱ्यांचं घराणं, आडनाव आंबिले. मूळ पुरुष विश्वंभरबाबा, त्यांच्यापासून घरात पंढरीची वारी आणि दारात विठोबाचं देऊळ. पेठेची महाजनकी, दुकान, सावकारी, शेती, गुरंढोरं असं भरलेलं घर. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. तुकोबारायांचा जन्म बहुतेक ठिकाणी शके १५३० म्हणजे इसवी सन १६०८ चा धरतात.

सावजींचं मन संसारात नव्हतं. त्यामुळं तेराव्या वर्षाच्या सुमाराला सगळा व्यापार तुकोबांच्या गळ्यात पडला. ज्या वयात पोरं ओढ्यात डुंबतात, त्या वयात ते वजन-मापं, उधारी आणि खतं सांभाळत होते. ते नेटानं सांभाळलं. लग्न झालं. पहिली पत्नी रखुमाबाई, त्यांना दम्याचा त्रास. म्हणून पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक जिजाई यांच्याशी दुसरं लग्न झालं. आपण त्यांना आवलीही म्हणतो. इथपर्यंत गावानं हेवा करावा असा संसार.

सतराव्या वर्षी आईबाप गेले. लगोलग थोरल्या भावाची बायको गेली आणि सावजी तीर्थयात्रेला म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. दोनेक वर्षांत घरातली सगळी जाणती माणसं निघून गेली. मागं राहिला अठरा वर्षांचा पोरगा, दोन बायका, धाकटा भाऊ आणि पेठेचा पसारा.

दुःख आत असलं की बाहेरचा हिशोब चुकतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. व्यापार बसत गेला. एकदा सावरायला गेले, ते आणखी खोलात. उधारी वसूल होईना, देणेकरी दाराशी. त्यातच काळानं घाला घातला. इसवी सन १६२९ ते १६३१ या सालांत दख्खनात आणि गुजराथेत पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला.

दुष्काळ म्हणजे काय हे आमच्या सोलापूर जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही लहान होतो. आईबरोबर तलावाच्या कामावर खडी वेचायला जायचो. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर ते वर्ष काढलं. आमची शाळा तिथंच सुटली ती सुटली. पण बहात्तरला सरकारचं काम तरी होतं. तुकोबारायांच्या दुष्काळात तेही नव्हतं. माणसं अन्नासाठी गाव सोडून गेली आणि वाटेत पडली. महाजनाच्या घरात, जिथं धान्याची मापं भरली जायची, तिथं रखुमाबाई अन्नाविना गेल्या. पाठोपाठ थोरला मुलगा संतू गेला. गुरं गेली. दिवाळं निघालं. तुकोबारायांचं वय तेव्हा एकवीस-बावीस.

मंडळी, इथं आम्ही कीर्तनात काय करत होतो? इथून एक उडी मारून थेट भामनाथाच्या डोंगरावर जायचो आणि महाराजांना वैराग्य झालं म्हणून टाळी घ्यायचो. मधलं सगळं गाळायचो. पण तुकोबारायांनी ते गाळलं नाही. स्वतःबद्दल सांगताना त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे की या दुःखानं आपण फार कष्टी झालो, धंदा तुटत चाललेला बघून लाज वाटली, बायको अन्न अन्न करीत गेली. संतपदाला पोहोचलेला माणूस चार लोकांत सांगतो की आपलं दिवाळं निघालं आणि आपल्याला लाज वाटली. आपल्यात किती जणांची ही छाती आहे? आपण सोसायटीची थकबाकी बायकोपासूनसुद्धा लपवतो.

मग ते घर सोडून भामनाथाच्या डोंगरावर गेले. पंधरा दिवस तिथं राहिले. अंगाला मुंग्या, विंचू, साप लागले असं चरित्रकार सांगतात. खाली कान्होबा भावाला शोधत रानोमाळ फिरत होते. हे कान्होबांचं शोधणं आम्ही कधी नीट सांगितलंच नाही. बाप गेला, आई गेली, एक भाऊ निघून गेला, आता दुसराही गेला की काय, ही त्या पोराची धास्ती काय असेल! कान्होबा शोधत वर गेले आणि भेट झाली. तुकोबाराय भावाबरोबर खाली आले. डोंगरावर जाणं खरं, तसं खाली येणंही तितकंच खरं.

खाली आल्यावर इंद्रायणीकाठी बसून त्यांनी घरातली खतं मागवली. लोकांकडून येणं असलेल्या पैशाचे ते कागद. अर्धी खतं कान्होबांची म्हणून त्यांच्या हाती दिली, कारण भावाचा संसार होता आणि त्याचा हक्क बुडवायचा नव्हता. आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडून दिली. दुष्काळानं मोडलेल्या लोकांकडून वसुली करायची नाही, असं ठरवलं. आम्हाला वाटतं, पाण्यात नुसते कागद गेले नाहीत. हा असं वागला, त्यानं बुडवलं, माझं असं व्हायला नको होतं, हा रात्रंदिवस चालणारा मनातला हिशोबही त्यांनी त्या दिवशी थांबवायला घेतला.

थांबवायला घेतला म्हणतो, थांबला म्हणत नाही. मन एका दिवसात वळत नाही. तुकोबारायांनी पुढं काय केलं ते बघा, कारण आपल्यासारख्या कष्टकरी माणसाला धरता येईल असं तेच आहे.

पहिलं म्हणजे हाताला काम लावलं. विश्वंभरबाबांच्या वेळचं विठोबाचं देऊळ पडायला आलं होतं. ते दुरुस्त करायचं मनावर घेतलं. दगड, माती गोळा करून स्वतः राबले. मोडलेला संसार लगेच उभा करता येत नव्हता, पण मोडलेली भिंत उभी करता येत होती. ती केली.

दुसरं, दुसऱ्याच्या मागं उभे राहिले. एकादशीला कीर्तन होई, तेव्हा पुढं कोणी गाणारा असे आणि तुकोबाराय मागं धृपद धरीत. आपलं चित्त तेव्हा अभ्यासात नव्हतं, म्हणून आधीच्या संतांची वचनं पाठ केली, हे त्यांनीच सांगितलं आहे. ज्ञानोबाराय, एकनाथमहाराज, नामदेवराय यांचे शब्द तोंडात घोळवले. ज्याच्या अभंगावर आज सारा महाराष्ट्र डोलतो, त्यानं सुरुवात टाळकऱ्याच्या ओळीत मागं उभं राहून केली. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा दुसऱ्याचे चांगले शब्द धरून ठेवायचे, हा त्यांचा पाठ.

तिसरं, मनाशी बोलायला शिकले. भंडाऱ्याच्या डोंगरावर झाडापेडांत, पाखरांत जाऊन बसत. तिथं आपलाच आपल्याशी वाद चालतो असं ते सांगतात. गाथा वाचताना आम्हाला दिसतं की मनात आलं ते सगळं खरं, असं त्यांनी धरलं नाही. मन म्हणतं तू वाया गेलास, तर ते मनाला विचारतात की हे कशावरून? कधी त्याला दटावतात, कधी लेकरासारखं समजावतात, कधी हात जोडतात. आत आणि बाहेर रात्रंदिवस लढाई चालू आहे असंही कबूल करतात. बैल उधळला म्हणून शेतकरी बैल विकत नाही आणि उधळेल तिकडं त्याच्यामागं फरफटतही जात नाही. कासरा धरतो, चुचकारतो, परत तासाला लावतो. दिवसातून शंभर वेळा लावतो. तुकोबारायांनी मनाचं तेच केलं.

पुढं माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि अभंग करायला सांगितलं. तिथून वाणी सुरू झाली. आज गाथ्यात साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत. त्यात देवाची स्तुती आहे तशी देवाशी भांडणंही आहेत. रुसणं आहे, शंका आहे, एकटं वाटणं आहे, स्वतःचे दोष मोजणं आहे. आपल्याला वाटतं, वारकऱ्यानं देवाजवळ रडगाणं कशाला न्यायचं? तुकोबारायांनी सगळं तिथंच नेलं आणि कागदावर उतरवून ठेवलं.

आता जिजाईंबद्दल दोन शब्द. कीर्तनात त्यांच्या तोंडी शिव्या घालून आम्ही लोकांना लई हसवलं आहे. आता ते सोडलं. त्या माऊलीनं सवत आणि सवतीचं लेकरू भुकेनं जाताना बघितलं होतं. घरात लहान पोरं, धनी डोंगरावर. स्वतः कर्ज काढून त्यांनी धन्याला व्यापाराला पैसे दिले, तेही वाटेत गरिबाला देऊन तुकोबाराय रिकाम्या हातानं आले. त्यांना राग येणार नाही तर काय होईल? तरी भाकरी घेऊन त्या रोज भंडारा चढत होत्या, त्यांना जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नव्हत्या. राग आणि माया एकाच पोटात राहतात. रागावलेली बाई वाईट असते असं समजणाऱ्यांनी जिजाईंचे पाय आठवावेत. त्या पायांत काटा मोडला तेव्हा तो काढायला पांडुरंग आला, अशी कथा आहे. देवाला तिचा राग खटकला नाही.

अपमानाचेही प्रसंग आले. देहूत मंबाजी गोसावी होते. तुकोबारायांची म्हैस त्यांच्या बागेत शिरली. पुढं वाटेतलं काटेरी कुंपण तुकोबारायांनी लोकांच्या पायांत काटे जाऊ नयेत म्हणून बाजूला केलं. मंबाजींनी त्याच काट्यांच्या फांद्यांनी त्यांना झोडपलं. तुकोबारायांनी हात उगारला नाही. पण लागलं नाही असंही दाखवलं नाही. देवाजवळ जाऊन गाऱ्हाणं केलं, अंगातले काटे काढून घेतले आणि रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत म्हणून स्वतः बोलवायला गेले. आधी दुःख मोकळं केलं, मग माणसाकडं गेले. हा क्रम आम्हाला मोलाचा वाटतो. आतमध्ये धग ठेवून वरून नमस्कार केला तर ती धग कधीतरी घर जाळते.

सगळ्यात मोठा घाव वह्यांचा. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला की शूद्रानं असे अभंग करू नयेत, वह्या पाण्यात बुडवाव्यात. तुकोबारायांनी वह्या बांधून, दगड लावून, इंद्रायणीच्या डोहात सोडल्या. पूर्वी खतं बुडवली ती स्वतःच्या मनानं. आताच्या बुडवल्या त्या दुसऱ्याच्या हुकमानं. लोक टोचून बोलले असतील की आधी संसार बुडवला, आता परमार्थही बुडवला. तुकोबाराय देवळासमोरच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस पडून राहिले. त्या दिवसांतले त्यांचे अभंग वाचा. देव आहे की नाही, आपलं सगळं खोटं तर नव्हतं, इतपत त्यांचं मन गेलं होतं. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. लोकांनी आनंदानं मिरवल्या. आणि तुकोबाराय? ते देवाची क्षमा मागत बसले की आपण तुला फार त्रास दिला. राग आला तेव्हा राग केला, निवळला तेव्हा माफी मागितली. रामेश्वरभट पुढं त्यांचेच शिष्य झाले आणि त्यांची आरती लिहिली.

या सगळ्यात ते एकटे राहिले नाहीत, हेही सांगायला हवं. चौदा टाळकरी मागं उभे. सदुंबऱ्याचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगारामबुवा मवाळ अभंग लिहून घेत. बहिणाबाई घरच्याचा विरोध आणि मार सोसून देहूला आल्या. ज्याचं स्वतःचं घर एकदा रिकामं झालं होतं, त्याच्या दारात असं गणगोत जमलं.

आणि तेव्हा, एवढं सगळं झाल्यावर, मागं वळून बघताना त्यांनी म्हटलं की दिवाळं निघालं, दुष्काळानं छळलं, ते बरं झालं. त्या दुःखामुळं देवाची आठवण राहिली. हे त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलं. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल कधी म्हटलं नाही. दुसऱ्याचं दुःख दिसलं की जवळचं देऊन मोकळे व्हायचे.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, तुकोबाराय वैकुंठाला गेले. जिजाईंच्या पोटी त्यानंतर नारायणमहाराज जन्मले आणि त्यांनीच १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. बापाला न बघितलेल्या लेकानं बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या. तीच पालखी दर आषाढीला सराटीला नीरास्नान करून आपल्या जिल्ह्यात येते आणि अकलूज, माळीनगर, बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी करीत पंढरीला जाते.

आता आमचं थोडं सांगून संपवतो. काही वर्षांमागं आमची दोन एकर डाळिंबाची बाग तेल्यानं गेली. सलग दोन बहार गेले. बोअर आटला, कर्ज डोक्यावर. रात्री कीर्तनात लोकांना सांगायचो की चिंता करू नका आणि घरी येऊन पहाटेपर्यंत आढ्याकडं बघत पडायचो. मन एकच जातं दळत होतं. बुवाचंच दिवाळं निघालं, लोक हसणार, आता काही होत नसतं, आपण नसलेलंच बरं. हे कुणाला सांगितलं नाही. बुवानं कसं सांगायचं?

आपल्या दिंडीतले एक म्हातारे विणेकरी होते. आता नाहीत. ते एका संध्याकाळी आले आणि ओट्यावर बसले. उपदेश केला नाही. आवाज का बसलाय, एवढंच विचारलं. आम्ही लहान पोरासारखं रडलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले की चला, बायकोला सांगू. तिला सांगितलं. तिनं आधी राग केला, मग तीही रडली, मग चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी विणेकरीबुवा आम्हाला तालुक्याला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. काही महिने गोळ्या घेतल्या. त्यात आम्हाला आता लाज वाटत नाही. पायाला जखम झाली तर मलमपट्टी करून वारी चालतोच की. कर्ज हप्त्याहप्त्यानं फिटलं. बाग काढून पुन्हा ज्वारी आणि तूर पेरली. कान्होबा डोंगरावर का शोधत गेले, ते आम्हाला त्या वर्षी कळलं.

म्हणून शंभराव्या वर्षी दिंडीला एवढंच मागणं आहे. चालताना शेजारच्याला पाय दुखतात का विचारता, तसं कधी मन दुखतंय का तेही विचारा. ऐकताना लगेच अभंग सांगू नका, आधी ऐका. कुणी जगणं नको झालं असं बोललं, तर ते थट्टेवारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरकडं न्या. सरकारचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर टाळाच्या पिशवीत लिहून ठेवा.

त्या माऊलीच्या घरी आम्ही पुढच्या वर्षी परत गेलो. त्या वेळी कीर्तन केलं नाही. ओट्यावर बसलो आणि मुलगा कसा होता ते सांगायला सांगितलं. तिनं दिवस मावळेपर्यंत सांगितलं. आता ती आपल्याच दिंडीत तुळस घेऊन चालते. हे छापायला तिनंच सांगितलं.

राम कृष्ण हरी.